दादाच्या हातात पेन्सिल द्या

पत्र : माझा मोठा भाऊ चौतीस वर्षं कोळशावरच्या वीजकेंद्रात बॉयलर विभागात इंजिनिअर होता. आता निवृत्त झालाय. लहानपणी मला गणित त्यानेच शिकवलं. गेली दोन-तीन वर्षं तो हवामानबदल म्हणजे थोतांड आहे असं सांगणारे व्हिडिओ आणि मेसेज पाठवत असतो. मी दुर्लक्ष करत आले. मग माझ्या मुलीला वातावरणशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला. ते सांगायला त्याच्याकडे गेलो, तर सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला, "आकडे फिरवणाऱ्यांच्या टोळीत चाललीस." माझा तोल गेला. मी म्हणाले, "जग जाळलंत तुम्ही लोकांनी. पाच वर्षांत सगळं संपणार आहे, तरी तुमचे डोळे उघडत नाहीत." तीन महिने झाले, बोलणं बंद आहे. मेसेज मात्र येतात. एक गाजलेला शोधनिबंध मागे घेतल्याची बातमी, अंटार्क्टिकावरचा बर्फ वाढल्याची बातमी, अमेरिकी सरकारच्याच एका अहवालाचा दाखला. जुन्या तापमानाच्या नोंदी शास्त्रज्ञ बदलतात, हे पालुपद तर कायमचंच. ताई, यातलं खरं किती? मला उत्तरं देता येत नाहीत याची लाज वाटते. त्याला गप्प कसं करू? आणि मुलगी विचारते, "मामा म्हणतो ते खरं असलं तर?" तिला काय सांगू?
— एक धाकटी बहीण

उत्तर :

ताई, तीन महिने अबोला आहे आणि तरी दादा तुम्हाला बातम्या पाठवतायत. ज्याला बहिणीच्या मताची पर्वा नाही, तो माणूस तिच्यापुढे एकामागून एक पुरावे मांडत बसत नाही. त्यांना तुमच्याकडून उत्तर हवंय. तेव्हा त्यांना गप्प करायचा विचार आधी मनातून काढून टाका. ते गप्प झाले तर तुमचा भाऊ तुमच्या हातून जाईल.

विज्ञानाकडे वळण्यापूर्वी तुमच्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे. "जग जाळलंत तुम्ही लोकांनी." चौतीस वर्षं रात्रपाळ्या करून, बॉयलरची ट्यूब, म्हणजे आतली पाण्याची नळी, फुटली की गरम भट्टीच्या तोंडाशी उभं राहून ज्याने लोकांच्या घरात दिवे लावले, त्याला हे ऐकावं लागलं, तेही ज्या बहिणीला त्याने गणित शिकवलं तिच्या तोंडून. इस्पितळं, पाण्याचे पंप, मुलांचे अभ्यास या विजेवर चालले, हे खरंच आहे. त्या काळात कोळशाला पर्याय फारसा नव्हता, हेही खरं. हवामानबदलाची प्रत्येक बातमी दादांना आपल्या आयुष्यावर ठेवलेल्या आरोपासारखी ऐकू येत असणार. आणि आरोप कोण सहज मान्य करतं? त्यापेक्षा फिर्यादीच खोटा आहे असं मानणं सोपं असतं. ते वाक्य मागे घ्या. फोन करून, कुठलीही अट न घालता, "पण तूही" न म्हणता.

दुसरं वाक्यही मागे घ्यावं लागेल, आणि तेही विज्ञानासाठीच. पाच वर्षांत सगळं संपणार, असं कुठलाही हवामानशास्त्रज्ञ म्हणत नाही. २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा ते सुमारे १.५५ अंशांनी जास्त होतं. २०१५ ते २०२५ ही अकराच्या अकरा वर्षं नोंदींतली सर्वांत उष्ण अकरा वर्षं आहेत. हे पुरेसं गंभीर आहे. पण पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा एका वर्षाने मोडत नाही, ती अनेक वर्षांच्या सरासरीवर ठरते. आणि दीड हा काही कडेलोट नाही. १.६ हे १.५ पेक्षा वाईट, १.७ त्याहून वाईट, असा तो उतार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२५ मध्ये दिलेला अंदाज असा की आज जी धोरणं प्रत्यक्षात आहेत तीच राहिली, तर शतकाच्या अखेरीस वाढ २.८ अंशांच्या आसपास जाईल. पॅरिस कराराच्या वेळी हाच अंदाज तीन अंशांच्या पुढे होता. म्हणजे केलेल्या गोष्टींचा फरक पडलाय, आणि तो अजिबात पुरेसा नाही. रागाच्या भरात आपण जे फुगवून बोलतो ते दादांसारख्या माणसाला लगेच कळतं. मग आपण सांगितलेलं खरंही ते त्याच पारड्यात टाकतात.

आता त्यांच्या मेसेजकडे येऊ. ते एकाच मापाने तोलण्यासारखे नाहीत.

शोधनिबंध मागे घेतला गेला, ही बातमी खरी आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संशोधकांचा तो निबंध आला. २०४९ पर्यंत हवामानबदलामुळे जगाचं उत्पन्न, तो नसता तर जेवढं असतं त्याच्या तुलनेत, १९ टक्क्यांनी कमी होईल असा त्यात अंदाज होता. तो खूप गाजला, मध्यवर्ती बँकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानेही वापरला. मग इतर संशोधकांनी तो उलगडून पाहिला, तेव्हा एकट्या उझबेकिस्तानच्या सदोष आकडेवारीमुळे निष्कर्ष बराच फुगल्याचं दिसलं. डिसेंबर २०२५ मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतला. दादांना हे मोकळेपणाने सांगा : "हो, तुझं बरोबर. चूक मोठी होती." त्यानंतर दोनच गोष्टी विचारा. चूक पकडली कुणी? त्याच क्षेत्रातल्या लोकांनी, मूळ आकडे सर्वांसाठी खुले होते म्हणून. आणि चूक कशात होती? तापमान वाढल्यावर अर्थव्यवस्थेचं किती नुकसान होईल, या हिशेबात. तापमान का वाढतं, हा प्रश्न त्या निबंधात नव्हताच.

अंटार्क्टिकाचं थोडक्यात सांगते. २०२१ ते २०२३ या काळात तिथल्या बर्फाचं एकूण वजन वाढलं, हेही खरं आहे. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हिमवर्षाव झाला म्हणून ते वाढलं. उबदार हवा जास्त बाष्प धरते, अंशामागे सुमारे सात टक्के. उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणावरून हा बर्फ तोलायला २००२ मध्ये सुरुवात केली. तेव्हापासूनचा सगळा काळ धरला, तर अंटार्क्टिकाने वर्षाला सरासरी शंभर अब्ज टनांहून जास्त बर्फ गमावलाय. तीन वर्षांचा तुकडा कापून दाखवणं, म्हणजे चौतीस वर्षांच्या लॉगशीटमधला एक आठवडा काढून बॉयलर उत्तम चालत होता म्हणणं. हे दादांना माझ्यापेक्षा चांगलं समजेल.

अमेरिकी अहवालाचं मात्र नीट पाहायला हवं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पाच जणांकडून लिहून घेतलेला एक अहवाल आला. कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी हानी वाढवून सांगितली जाते, असा त्याचा सूर. त्याच सुमाराला, हरितगृह वायू लोकांच्या आरोग्याला घातक आहेत हा २००९ चा सरकारी निष्कर्ष रद्द करण्याचा प्रस्तावही मांडला गेला. पंच्याऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी काही आठवड्यांत चारशेहून जास्त पानांचं उत्तर लिहिलं, कुठलं वाक्य कुठे अर्धवट उद्धृत केलंय आणि कुठला आलेख सोयीने कापलाय ते दाखवत. सप्टेंबरमध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही, या वायूंमुळे होणाऱ्या हानीचा पुरावा आता वैज्ञानिक वादाच्या पलीकडे गेल्याचं सांगितलं.

पण दादांना "पंच्याऐंशी विरुद्ध पाच" असं सांगू नका. बहुमताने खरं-खोटं ठरत नाही, आणि ते तसं बरोबर म्हणतीलही. त्यापेक्षा त्या पाचांतल्या दोघांची, जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांची हकीकत सांगा. ही दोघं उपग्रहांवरून वातावरणाचं तापमान काढतात, आणि त्यांनी उभी केलेली नोंद मोलाची आहे. नव्वदच्या दशकात त्यांच्या आकड्यांत तापमानवाढ जवळजवळ दिसतच नव्हती. बॉयलरवाल्याला आवडेल असं कोडं होतं ते : जमिनीवरचे तापमापक एक सांगतात, आकाशातले दुसरं, मग उपकरण कुणाचं बिघडलं? १९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली येत होते आणि ती घसरण हिशेबात घेतलेलीच नव्हती. २००५ मध्ये आणखी एक चूक सापडली. उपग्रह दिवसाच्या ज्या वेळेला एखाद्या जागेवरून जातो ती वेळ सरकत जाते, आणि त्याची दुरुस्ती उलट दिशेने झाली होती. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी ती मान्य करून आपले आकडे सुधारले. आज त्यांच्याच नोंदीत खालचं वातावरण दर दशकाला सुमारे दीड दशांश अंशाने तापताना दिसतं. ज्यांच्या शंकेवर तो अहवाल उभा आहे, त्यांच्या स्वतःच्या तापमापकाचं हे म्हणणं आहे.

नोंदी बदलतात हा आरोप माझ्या जिव्हाळ्याचा आहे. लिहायला लागण्यापूर्वी काही वर्षं मी हवामान निरीक्षकाचं काम करत होते. पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, उंच पायांवर उभी, दार अशा दिशेला की उघडताना ऊन आत पडू नये. ठरलेल्या वेळी दार उघडायचं, डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा आणि आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. उलटं का नाही? तर आपल्या अंगाच्या आणि श्वासाच्या उबेने पारा हलतो, आणि पहिल्यांदा हलतो तो दशांशच. माझ्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी एवढीच एक गोष्ट शिकवली होती. वहीत तारीख, वेळ, आकडा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

काही वर्षांनी आमच्या पेटीशेजारी इमारत उभी राहिली. भिंत तापायची, रात्री उशिरापर्यंत ऊब सोडायची. मग पेटी तिथून हलवून मोकळ्या मैदानात नेली. त्या महिन्यापासून रात्रीचं किमान तापमान एकदम खाली आलं. हवा थंड झाली नव्हती, आम्ही भिंतीपासून लांब गेलो होतो. शेऱ्यात मी तारीख घालून स्पष्ट लिहिलं : पेटी हलवली. पुढे कुणी ती मालिका वापरताना हा शेरा वाचून दोन्ही तुकड्यांचा मेळ घातला नाही, तर तो फसणार. दादा ज्याला फेरफार म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं. प्रेशर गेज बदललं की जुन्या-नव्या वाचनांची तुलना करण्यापूर्वी ते कॅलिब्रेशनचा, म्हणजे गेज प्रमाणाशी ताडून पाहिल्याचा, कागद मागतातच की.

आणि दादांना बहुधा ठाऊक नसेल अशी गोष्ट ही. सर्वांत मोठी दुरुस्ती समुद्राच्या तापमानात झाली आहे. पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापक धरायचे. कॅनव्हासची बादली वाऱ्यात वर येईपर्यंत तिच्यातून बाष्पीभवन व्हायचं, पाणी थंडावायचं, वाचन खऱ्यापेक्षा कमी यायचं. नंतरच्या काळात इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवलं जाऊ लागलं, ते किंचित जास्त यायचं. या फरकाची दुरुस्ती केली की जुना समुद्र थोडा उबदार ठरतो. म्हणजे सगळ्या दुरुस्त्या एकत्र धरल्या, तर एकोणिसाव्या शतकापासूनची जगाची तापमानवाढ कच्च्या नोंदींपेक्षा कमी भरते. ज्यांना वाढ फुगवून दाखवायची आहे ते असली दुरुस्ती कशाला करतील?

रिचर्ड म्युलर या भौतिकशास्त्रज्ञाला दादांसारखीच शंका होती. त्यांनी वेगळा गट जमवला, अब्जावधी नोंदींतून नव्याने हिशेब मांडला, आणि या कामाला लागलेल्या पैशांतला एक वाटा तेल उद्योगातल्या कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचा होता. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीरपणे लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि तिला जवळजवळ पूर्णपणे माणूस जबाबदार आहे.

हे सगळं झालं उत्तरादाखल. पण ताई, केवळ उत्तरं देऊन दादा बदलतील असं मला वाटत नाही. उत्तरं ऐकायला माणसाला शांत बसावं लागतं, आणि ज्याने आयुष्यभर हिशेब केले त्याला ते जमत नाही. म्हणून तुम्ही समजावू नका. त्यांना त्यांच्याच विषयातलं गणित द्या.

त्यांना विचारा, "दादा, भट्टीतल्या गरम वायूंकडून ट्यूबांना किरणांवाटे किती उष्णता मिळते, ते कसं काढायचास?" ते सांगतील की ज्योतीचा भाग वेगळा, ज्योत संपल्यावर जे स्वच्छ धुरवायू राहतात त्यातले नायट्रोजन आणि ऑक्सिजन धरायचेच नाहीत, ते उष्णतेचे किरण ना शोषतात ना सोडतात. धरायचे ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. त्यांच्यासाठी एमआयटीच्या हॉइट हॉटेल यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत बनवलेले आलेख असतात, बॉयलर आणि भट्ट्यांच्या रचनेत ते पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. त्या आलेखात वायूचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्या वायूचा वाटा) आणि थराची जाडी यांचा गुणाकार घेऊन आत शिरायचं. म्हणजे कार्बन डायऑक्साइड उष्णतेचे किरण अडवतो आणि परत सोडतो, हे दादांनी पगार घेऊन केलेल्या कामात गृहीतच होतं. ते गृहीत चुकीचं असतं, तर त्यांच्या भट्टीचा हीट बॅलन्स, म्हणजे उष्णतेचा जमाखर्च, जुळलाच नसता.

इथे ते म्हणतील, "भट्टीत चौदा टक्के असतो, हवेत ०.०४ टक्के. एवढ्याशाने काय होतं?" या क्षणी पेन्सिल त्यांच्या हातात द्या. तोच गुणाकार हवेसाठी करायला सांगा. टक्का तीनशेपटींहून कमी आहे खरा, पण भट्टीतली जाडी मीटरांत मोजतात आणि वातावरणाची किलोमीटरांत. सगळी हवा जमिनीलगतच्या दाबाला आणली तर तिचा थर सुमारे आठ किलोमीटर भरतो. त्यातला निव्वळ कार्बन डायऑक्साइड वेगळा पसरला, तर साडेतीन मीटरांच्या आसपास. मोठ्या भट्टीतही हा गुणाकार बहुधा एक-दोन मीटरपाशी थांबतो. दादांनी आपल्या बॉयलरची मापं घालून स्वतः पाहावं. डोक्यावरच्या हवेत त्यांच्या भट्टीपेक्षा जास्त जाड पडदा आहे, हे त्यांच्या स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरेल. तापमानं वेगळी, दाब वेगळा, त्यामुळे पुढचा हिशेब वेगळा आहे, आणि तो फरक कसा धरायचा हेही ते विचारतील. विचारू द्या.

मग मास बॅलन्स, म्हणजे वजनाचा जमाखर्च. एक टन कार्बन जाळला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, हे त्यांना तोंडपाठ असेल. जग आता जीवाश्म इंधनांतून वर्षाला ३८ अब्ज टनांच्या आसपास हा वायू सोडतं. हवेतलं त्याचं प्रमाण चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर मोजायला सुरुवात केली, तेव्हा ते दहा लाखांत ३१५ भाग होतं. आज ४२० च्या वर आहे. आपण सोडलेल्यातला निम्म्याच्या आसपास हवेत राहतो, बाकीचा समुद्र आणि झाडं-जमीन घेतात. ज्वालामुखींचं नाव निघालं तर त्यांचं उत्सर्जन माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. शिवाय कोळसा आपली खूण सोडून जातो. तो इतका जुना की त्यात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर विरत जाणारा कार्बनचा प्रकार, उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये ही खूण हान्स सूस या शास्त्रज्ञाला १९५० च्या दशकातच सापडली होती.

आणि मग त्यांना गाय कॅलेंडर यांच्याबद्दल सांगा. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. ते हवामानशास्त्रज्ञ नव्हतेच. ते इंग्लंडमधले वाफेचे इंजिनिअर होते. वडील ह्यू कॅलेंडर वाफेवरचे मोठे संशोधक, स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) तयार करणारे, आणि मुलगाही उच्च दाबाच्या वाफेवरच काम करायचा. त्याने फावल्या वेळात जगभरच्या १४७ केंद्रांच्या नोंदी जमवल्या, हाताने हिशेब केले, आणि १९३८ मध्ये रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे मांडलं की पन्नास वर्षांत जमिनीवरचं तापमान वाढलंय आणि त्यात इंधनाच्या धुराचा हात आहे. जमलेल्या जाणकारांनी फारसं मनावर घेतलं नाही. आधुनिक संगणकी मालिकांशी ताडून पाहिलं, तर त्यांचा आलेख आजही आश्चर्य वाटावं इतका जुळतो.

दादांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. कॅलेंडर यांना कोळशाचा राग नव्हता. उलट ही ऊब माणसाच्या फायद्याची ठरेल, थंड प्रदेशात शेती वाढेल, पुढचं हिमयुग लांबणीवर पडेल, असं त्यांना वाटत होतं. परिणामांबाबतचा तो अंदाज चुकला. पण मोजमाप करताना त्यांना कुणावर ठपका ठेवायचा नव्हता, कुठलाही अजेंडा रेटायचा नव्हता. बॉयलरच्या दुनियेतला, हिशेबाला चोख असा एक माणूस, आणि ही गोष्ट त्याला दिसली. दादांना त्याच्या शेजारी बसायला जागा आहे, आपली चौतीस वर्षं नाकारावी न लागता.

जे ठाऊक नाही तेही लपवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालाचा अंदाज बहुधा अडीच ते चार अंश. ही दरी लहान नाही. ढग काय करतील, पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ किती झपाट्याने सरकेल, यावर जाणकारांत खरेखुरे वाद आहेत. "तुझ्या भाचीची पिढी हेच शोधणार आहे," असं म्हणून बघा.

आता तिच्याबद्दल. "मामा म्हणतो ते खरं असलं तर?" या प्रश्नाने तुम्ही घाबरलात असं पत्रावरून वाटलं. मला तो प्रश्न फार आवडला. तिला सांगा, ही शंका घेऊनच जा, तिथे तिचा उपयोग होईल. आणि तिला हवामानशास्त्रज्ञ स्यूकुरो मनाबे यांचं १९६७ चं काम वाचायला सांगा. रिचर्ड वेदरल्ड यांच्यासोबत त्यांनी आजच्या मानाने अगदी साध्या प्रारूपावरून दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि स्थितांबर, म्हणजे तिच्या वरचा थर, थंड होईल. सूर्य जास्त तापल्यामुळे हे घडत असतं, तर वरचा थरही तापायला हवा होता. तेव्हा वरच्या थराची जगभरची उपग्रह-नोंदच नव्हती. ती सत्तरच्या दशकाअखेर सुरू झाली, आणि स्थितांबर थंड होत गेल्याचं दिसलं. त्यातला काही भाग ओझोन घटल्यामुळे आहे, पण ओझोनचा परिणाम जिथे कमी त्या उंचीवरही ते थंडावतंय. भाकीत खोटं ठरू शकलं असतं. ठरलं नाही. मनाबे यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

तिला एवढंही सांगा की ती जाते आहे तो काळ बरा नाही. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रीय हवामान मूल्यांकनावर काम करणाऱ्या सुमारे चारशे जणांना मोकळं करण्यात आलं. मे महिन्यात, अब्ज डॉलरांहून जास्त नुकसान करणाऱ्या आपत्तींची १९८० पासूनची नोंद यापुढे अद्ययावत होणार नाही असं जाहीर झालं. ती नोंद सांभाळणारा शास्त्रज्ञ एका ना-नफा संस्थेत गेला आणि त्याने तिथे काम पुन्हा सुरू केलं. हे वाचताना मला आमची वही आठवत होती. शेऱ्याच्या रकान्यात काहीही दुरुस्त करता येतं, पण कोरी राहिलेली ओळ नंतर कुणालाच भरता येत नाही. कीलिंग यांच्या आलेखातही १९६४ मध्ये पैशांअभावी काही महिन्यांचा खंड आहे, आणि तो आजही तसाच आहे. दादांना ही गोष्ट जरूर सांगा. मतं काही असोत, लॉगशीट कोरी ठेवलेली त्यांना सहन होणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आणि हे सगळं एका दमात करू नका. पहिल्या फोनमध्ये फक्त माफी. त्या दिवशी त्यांनी विषय काढला तरी, "ते नंतर बोलू, आधी मला हे सांगायचं होतं," एवढंच म्हणा. मेसेजला मेसेजने उत्तर देणं बंद करा, तिथे चौथ्या ओळीला आवाज चढतो. भाचीला दुखावल्याबद्दल ते काही बोलतील की नाही, सांगता येत नाही. ती वाट तुम्ही तिच्या वतीने पाहू नका. ते त्या दोघांचं आहे. आणि इतकं करूनही ते बधले नाहीत, असंही होईल. तरी बहीण-भावाचं बोलणं सुरू राहावं, यासाठी त्यांनी मत बदललंच पाहिजे अशी अट नको.

जमलं तर एक करा. मुलगी निघायच्या आधी एक अख्खी दुपार तिला मामाकडे पाठवा, तुम्ही जाऊ नका. तिने म्हणावं, "मामा, मला पहिल्याच सत्रात उष्णतेचं प्रारण (रेडिएशन) आहे. भट्टीचे ते आलेख कसे वाचायचे, शिकवशील?" जुन्या वह्या त्यांनी टाकल्या नसतील. गुणाकार त्यांनाच करू द्या, आधी भट्टीचा, मग आकाशाचा. आणि ती वही तिने सोबत मागून घ्यावी.